मांडीवरचं चाक

नातीनं आज सायकलची चाकं काढून सांगाडा गाडीच्या डिकीत सरकवला. ग्रीसचा वास आला आणि मला माझी पाठवणी आठवली.

नारायण पेठेतून खडकीला, सासरी, लहानशा मोटारीनं निघायचं होतं. सासरे म्हणाले, "सूनबाई, पाठवणी तुमची की सायकलची? नंतर मागवू."

"नंतर नको. सोमवारी मला शाळेत शिकवायला जायचंय."

वडिलांनी पाना आणला. सांगाडा डिकीत बांधला. पुढचं चाक मी मांडीवर घेतलं. मागचं, ग्रीसनं माखलेलं, ह्यांनी स्वतःच्या पांढऱ्या धोतरावर घेतलं.

सायकल मी हट्टानं नेली, असं जन्मभर ऐटीत सांगत आले. आज पाठवणीचा शालू उलगडून पाहिला. त्यावर एकही काळा डाग नाही.