तुळशीवरची माशी

मसुऱ्याच्या सुभद्राकाकूंना मे महिन्यात आंबा पडल्याचा आवाज नकोसा होतो. न काढता आपसूक पडलेला आंबा बहुधा आतून किडलेलाच निघतो. यंदा पहिला मोहोर अवकाळी पावसाने झडला. मागाहून धरलेल्या फळांवरच वर्षाची भिस्त. आणि गेले काही दिवस घरामागच्या कलमांखाली धप्प, धप्प चाललेलं. विळीवर धरावा त्या आंब्यात पांढऱ्या अळ्या.

त्या सकाळी अंगणातल्या तुळशीवर फळमाश्या दिसल्या. पानांना चिकटून, चाटत बसलेल्या.

"तुज्या तुळशीनच आवतण देऊन आणल्यान," काकूंचे यजमान भाई ओटीवरून म्हणाले.

"मगे उपटून टाका तिका," काकू म्हणाल्या खऱ्या, पण स्वतःच तुळशीच्या आड येऊन उभ्या राहिल्या.

सून भक्ती वाकून बघत होती. "आई, हे सगळे नर. अंडी घालणारी मादी आंब्यार बसता."

तळेऱ्याच्या शेतकरी मेळाव्यात तिने ऐकलं होतं. पानं खाणारे किडे दूर राहावेत म्हणून तुळस अंगात उग्र तेल धरते. पण या माशीच्या नराला त्याचंच वेड. तो वास अंगात भिनवून तो मादीकडे जातो. पानं ठेचून करवंटीत घालायची, वर थोडं कीडनाशक औषध, आणि करवंट्या कलमांना टांगायच्या. नरच मेले की मादीची अंडी फुकट.

तिने फांदीकडे हात नेला.

"आज आयतार," काकू म्हणाल्या.

रविवारी तुळस तोडायची नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. आणि तुळशीच्या रसात विष कालवायचं? भक्तीने हात मागे घेतला. तेवढ्यात घरामागे पुन्हा धप्प झालं.

काकूंनी पदर सावरला, हात जोडले. "पानां मी तोडतंय. पाप लागला तर म्हातारेक लागांदे. आणि औषधाक तू हात लावू नको, तुज्या पोटात जीव आसा."

दुपारपर्यंत करवंट्यांत माश्या पडू लागल्या. भाई दोनदा जाऊन बघून आले. काकूंनी साबणाने कितीदा हात धुतले, तरी बोटांना वास राहिलाच. औषधाचा नव्हे, तुळशीचा.

तिन्हीसांजेला त्यांनी वात वळली, तेल घातलं आणि निरांजन सुनेच्या हाती दिलं.

"आज दिवो तू लाव."

स्वतः जरा मागेच उभ्या राहिल्या. हात तुळशीकडे जोडलेले, कान मात्र मागच्या कलमांकडे.