दत्तूचं ढालीचं पान

माझ्या तोंडातून आजवर काय काय बाहेर पडलंय ते लोणावळ्यात कोणालाही विचारा. धुक्यात बिबट्यानं माझ्याकडे बिडी मागितली, इथपासून ते कार्ल्याच्या डोंगरावर वाऱ्यानं हिसकावलेली माझी छत्री तिसऱ्या दिवशी खोपोलीत एका बाईच्या दारात उघडीच उभी सापडली, इथपर्यंत सगळं मी सांगून बसलोय. एवढी एक गोष्ट मात्र दाताआड राहिली. बायकोला सांगितली नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही मी दुसऱ्याच कसल्यातरी चुकांची माफी मागून घेतली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ही थाप नाही — पण थापाड्यानं हे पटवायचं तरी कसं?

मी बंगल्यांच्या गल्लीत केअरटेकर. शनिवार-रविवार आमच्याकडे जत्रा असते, आणि सोमवारी दुपारी गल्ली अशी रिकामी होते की स्वतःची चप्पल वाजली तरी दचकायला होतं. मग आम्ही चौघं मागच्या व्हरांड्यात जमायचो. मी, शेजारच्या बंगल्यात स्वयंपाक करणारी शकू मावशी, गेटवरचा यशवंत, आणि चारही बंगल्यांची बाग बघणारा दत्तू. दत्तू टाकवे बुद्रुकचा. रोज सायकलनं कान्ह्याला यायचा, तिथून लोकल पकडून लोणावळ्याला. बोलायला कमी. एक वाक्य बोलायच्या आधी ते तीनदा धुऊन, पिळून, वाळत घालणारा माणूस.

पाहुणे विसरून गेलेली वस्तू महिनाभर कपाटात ठेवायची, कोणाचा फोन आला नाही तर ज्याला सापडली त्याची — हा आमच्या गल्लीचा कायदा. तर एकदा दत्तूला जास्वंदीखाली पत्त्यांचा एक खोका सापडला. महिना गेला, फोन आला नाही. म्हणजे खोका दत्तूचा. पत्ते आपल्यासारखे नाहीत, त्यांच्यावर योद्धे, जादूगार, तीन डोक्यांचा आग ओकणारा अजगर. मावशी त्याला पहिल्या दिवसापासून घोरपड म्हणते. यात एकमेकांना हरवायचं नसतं. चौघांनी मिळून घोरपडीला मारायचं. एक जरी मेला तरी सगळे हरले.

आता नियमाचं पुस्तक होतं इंग्रजीत. आणि गल्लीत इंग्रजी कोणाला येतं? मला. गरम पाणी दहापर्यंतच, स्विमिंग पूलमध्ये बाटली नेऊ नका — हे मी इतक्या वर्षांत इतक्या पाहुण्यांना सांगितलंय की माझं इंग्रजी ऐकून एका गोऱ्यानं मला लंडनमधलं कोणतं कॉलेज असं विचारलं होतं. (नव्हतं विचारलं. सवय जात नाही.) पण वाचलेलं समजतं मला, हे खरं. दत्तूनं पुस्तक दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं आणि त्या दिवसापासून नियम म्हणजे मी झालो. कोणाचा नंबर, किती मार लागला, मारातून काय वजा करायचं — सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. तुमच्याकडे कोणी असं कधी बघितलंय? मग तुम्हाला थोडं कळेल. थोडंच.

प्रत्येकाच्या जिवाचे वीस चिंचोके. आपला नंबर आला की पान टाकायचं, मग घोरपडीचं पान उलटायचं, त्यावर जो आकडा असेल तितके चिंचोके ज्याचा नंबर त्यानं काढून ठेवायचे. हे मी बरोबर सांगितलं होतं. बाकीचं — जे वाचायचा कंटाळा आला ते — मी आपलं ठोकून दिलं होतं. त्यातच एक असं की कुठलंही पान फक्त आपल्या नंबरलाच टाकता येतं.

त्या दुपारी आम्ही जिंकत आलो होतो. पहिल्यांदाच. घोरपडीची दोन डोकी गेली होती, तिसरं लटकत होतं. मावशीचा नंबर झाला, मी घोरपडीचं पान उलटलं — आठ. मावशीकडे पाच चिंचोके. मावशी म्हणाली, मेले बाई मी. आणि दत्तूनं, नंबर नसताना, आपल्या हातातलं निळ्या काठाचं पान हळूच मावशीपुढे ठेवलं. ढाल. मार निम्मा. आठाचे चार, आणि मावशी एका चिंचोक्यावर जिवंत.

मी म्हणालो, चालणार नाही, तुझा नंबर नाही.

एरवी दत्तू गप्प बसला असता. त्या दिवशी म्हणाला, "भाऊ, ढाल आपल्याच नंबरला टाकली तर दुसऱ्याला काय उपेग? मार तर मावशीला लागतुया. पुस्तकात काय लिवलंय तेवढं वाचून दावा की."

मी पुस्तक उघडलं. शोधायलाही लागलं नाही — अख्खं पान त्यावरच होतं, चित्रासकट. एक जण दुसऱ्यापुढे ढाल धरतोय, आणि खाली ठळक अक्षरात: ढालीचं पान कोणाच्याही नंबरला टाकता येतं, मार निम्मा होतो. मला कळलं. चष्म्याशिवाय कळलं. आणि मी — त्याच ओळीवर बोट ठेवून — "ओन्ली युवर नंबर, नो अदर नंबर" असं काहीतरी खणखणीत वाचलं. मग मराठीत सांगितलं, आपल्याच नंबरला, नाहीतर पान बाद. दत्तू माझ्या बोटाकडे बघत होता. त्याला अक्षरं येत नव्हती, पण चित्र तर दिसत होतं ना? दिसलंच असेल. त्यानं मान हलवली आणि पान परत घेतलं. त्याला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझं बोट खरं वाटलं.

का केलं मी असं? हरलो तर मीही हरतच होतो. जिंकण्यासाठी माणूस खोटं बोलतो हे ऐकलंय, हरण्यासाठी बोलणारा मीच असेन. मी त्यावर खूप विचार केलाय, आणि दरवेळी उत्तर इतकं बारीक निघतं की सांगायची लाज वाटते. दत्तूचं बरोबर आणि माझं चूक — एवढंच मला नको होतं. दत्तूचं.

जाताना यशवंत सहज बोलला की फोन पुस्तकावर धरला की इंग्रजीचं मराठी होतं म्हणे, बघू एकदा. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी चिक्कीवाल्याकडून वाटीभर गरम गुळाचा पाक आणला, पुस्तकातलं ते पान आणि त्याच्या पुढचं पान एकमेकांना चिकटवलं आणि वर पाटा ठेवला. पाहुण्यांच्या पोरांनी चिक्की सांडली असेल, असं सांगितलं. सगळ्यांना पटलं. माझा बिबट्या कोणाला पटत नाही, पण हे पटलं.

इथंच थांबलो असतो तर कदाचित हे लिहायला बसलो नसतो. पण मला गोष्ट सापडली होती, आणि गोष्ट सापडली की मी थांबत नाही. मी दत्तूला नाव ठेवलं — बिननंबरी. जिंकलेला डाव नंबर सोडून पान टाकून घालवणारा बिननंबरी दत्तू. चहाच्या टपरीवर सांगितलं, रिक्षा स्टँडवर सांगितलं. पंधरा दिवसांत तिकिटाच्या रांगेत लोक त्याला म्हणायला लागले, काय बिननंबरी, आज नंबर लागला का. तो हसायचा. मावशी एकदा मला म्हणाली, "पुरं कर की रं. माझ्यासाठी टाकलं हुतं त्यानं पान." मी ते हसण्यावारी नेलं.

मग पुढच्या वर्षी चारही मालकांनी ठरवलं की चारही बंगल्यांवर मिळून एक माणूस नेमायचा. त्याला मागच्या दोन खोल्या राहायला. मालकांची बैठक होती त्या दिवशी सकाळीच दत्तू मला बाजूला घेऊन म्हणाला होता की तो त्या जागेसाठी विचारणार आहे. खोल्या मिळाल्या तर बायकोला आणि पोरीला टाकव्याहून आणील, पोरीला इथल्या शाळेत घालील. मला सांगितलं, कारण मी भाऊ. त्याच्याकडे एक कागद होता — कोणती टाकी कधी भरते, कोणता व्हॉल्व्ह कुठे गळतो, सगळं चित्रं काढून. गल्लीतलं पाणी दत्तूइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. ती जागा मलाही हवी होती. मी पहिला बोललो, पंधरा मिनिटं तरी. मध्ये श्वास घ्यायला थांबलो तर दत्तू उठून उभा राहिला, कागद उलगडत. आणि मी म्हणालो, "अरे बिननंबरी, थांब की, माझं संपू दे."

सगळे हसले. मालकांपैकी एक म्हाताऱ्या मॅडम होत्या, त्यांनी विचारलं, हे काय नाव? तेव्हा मी गोष्ट सांगितली. तुम्ही ऐकायला हवी होती — फार रंगवली मी. घोरपड, आठाचा मार, दत्तूची घाई. मॅडमच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. आणि हे सगळं सांगताना ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं, ढाल धरलेला माणूस, ठळक अक्षरं. एक क्षणही विसरलो नव्हतो. लोकांना वाटतं खोटं बोलताना माणूस स्वतःलाही फसवतो. मी नव्हतो फसलो.

मॅडम चांगल्या बाई. डोळे पुसून म्हणाल्या, हं, आता तुम्ही बोला. दत्तूनं कागदाची घडी घातली.

"न्हाई, काय न्हाई," तो म्हणाला. "भाऊ बोलले ते बराबर हाय."

मी त्या दोन खोल्यांपैकी एकीच्या खिडकीशी बसून हे लिहितोय. दत्तू अजून टाकव्याहूनच येतो. पोरगी दहावी होऊन घरी बसली, असं मावशीकडून कळलं. तो आता माझ्या हाताखाली आहे, आणि गुलाबाची फांदी छाटायची असली तरी विचारून छाटतो.

आम्ही अजून खेळतो. मागच्या सोमवारी मावशीकडे चार चिंचोके राहिले होते आणि घोरपडीचं पान निघालं सहाचं. दत्तू पत्ते खाली धरतो, त्यामुळे मला त्याच्या हातातला निळा काठ दिसत होता. सहाचे तीन. मावशी वाचत होती. दत्तूचा अंगठा त्या पानावर आला. त्यानं मावशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, माझा नंबर न्हाई ना?"

व्हरांड्यात आम्ही चौघंच होतो. कोणी मालक नव्हता, हसायला कोणी नव्हतं, माझं काही जाणार नव्हतं.

मी म्हणालो, नाही. मावशीनं आपले चार चिंचोके उचलले आणि डब्यात टाकले.