मालक विमान उतरवतात

लग्नानंतर मी पुष्कळ व्रतं केली, पण एक नेम माझा मीच ठरवलेला. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या ह्यांना सोलापुरातल्या एका मिलमालकांच्या खासगी विमानावर पायलटची नोकरी लागली. विमान चार माणसांचं, हौस मात्र चाळीस माणसांची! मी सिद्धेश्वराला हात जोडून बोलले, "विमान खाली टेकल्याशिवाय तोंडात घास घालणार नाही."

हे म्हणाले, "म्हणजे आता इंजिनाबरोबर तुझ्या पित्ताचीही काळजी!"

देव दयाळू. ह्यांना त्यानं सांभाळलंच, वर मला किस्सेही दिले. भाजी निवडताना एक आठवला की त्याच्यामागून दुसरा येतोच.

* * *

विमान उडवायचे हे, उतरवायचे मात्र मालक! उडताना बघायला कोण असतं? परत आलं की मिलवरून एक घिरटी घालायची, म्हणजे गाडी पाठवा असा निरोप. गाडीमागे मॅनेजर, मॅनेजरमागे निम्मं ऑफिस हार घेऊन होटगी रोडच्या धावपट्टीवर!

एकदा पट्टीवर शेळ्या शिरल्या. वॉचमन भीमाप्पा डोक्याचा लाल पटका सोडून जिवाच्या आकांतानं हलवू लागला. मालकांना वाटलं, स्वागत आहे. त्यांनीही वरून हात हलवला! शेळ्या दिसल्या तेव्हा एकदम वळले आणि शेजारच्या ज्वारीत जाऊन थांबले.

शेतकरी काठी घेऊन धावत आला. मालक दार उघडून रुबाबात म्हणाले, "ओळखलंस का मला?"

"वळखलं की! काल बैल शिरला व्हता, त्यालाबी वळखलं व्हतं."

* * *

श्रीपूरकडे एका कारखान्यावर मालकांचा सत्कार होता. उसाच्या कडेनं मुरमाची पट्टी केलेली, आणि नेमकी तिच्यावरच लेझीम चाललेली! विमान खाली यायचं, माणसं बघून पुन्हा वर जायचं. लोकांना वाटलं, कसरत दाखवतायत. लेझीम आणखी चढली.

हे म्हणाले, "मालक, मोहोळकडं मोकळं माळरान आहे, तिकडं उतरू."

"अहो, पण हार इथं आहेत!"

शेवटी कडेकडेनं उतरले ते थेट चरात. एक पंख उसात, शेपूट वर. मालक तिरपेच बाहेर आले, त्यांना तसाच हार घातला. कारखान्याचे चेअरमन माफी मागत म्हणाले, "विमान असं तिरपं उतरतंय हे आमाला ठावं नव्हतं. न्हायतर मंडप तिकडंच घातला असता की!"

मला निरोप पोचेपर्यंत दिवेलागण झाली. मग जेवले.

* * *

पुढं चाकं पोटात ओढून घेणारं नवं विमान आलं. उतरताना ती बाहेर काढावी लागतात. हे ओरडले, "मालक, चाकं! चाकं!"

मालक म्हणाले, "मध्ये बोलू नका!"

विमान पोटावर घासत गेलं. मालकांना ओरखडाही नाही. ह्यांचा हात मोडला.

क्लबनं मालकांचा सत्कार केला: "चाकांविना विमान उतरवणारे सोलापूरचे पहिले गृहस्थ!" शाल, श्रीफळ, सगळं. हे मागच्या रांगेत, हात गळ्यात अडकवून. टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून मालक जरा नाराजच झाले.

* * *

प्लॅस्टर निघालं, विमानही दुरुस्त झालं. मालकांचा निरोप आला, "उद्या मुंबई. येताना मीच उतरवणार." ह्यांच्या त्या हातात अजून भाकरी मोडायचं बळ नव्हतं. एका हातावर विमान चाललं असतं, पण मालक चुकले तर ते हिसकावून घ्यायला दोन हात हवेत. पहिल्यांदाच वाटलं, माझा एकटीचा नेम आता पुरायचा नाही.

मी मालकांच्या आईकडे गेले. सगळे त्यांना अव्वा म्हणत, कानडीत आई. माझा नेम ऐकून त्या म्हणाल्या, "तू दर खेपेला उपाशी बसतीस व्हय? आन माझं पोरगं हार घालून घेतंय? थांब. उद्या मीबी बसते. पाणीसुदीक घेणार न्हाय." आणि लेकाला बोलावून तसं सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी अव्वा धावपट्टीच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या. मांडीवर भाकरीचा डबा, झाकण बंद. ऊन चढलं, मी शेजारी उभी. अव्वा बसल्यात म्हणून ऑफिसही आधीच हार घेऊन हजर.

विमान आलं. मिलवर घिरटी नाही, काही नाही. फूल ठेवावं तसं टेकलं. पायलटच्या सीटवरून हे उतरले. मालक मागच्या सीटवर होते, पट्टा आवळलेला, डोळे घट्ट मिटलेले.

"टेकलं का?" त्यांनी विचारलं.

मग धडपडत खाली आले आणि हाराकडे न बघता सरळ आईकडे गेले. "अव्वा, ऊटा आत?" आधी कानडीतच निघालं, मग मराठीत, "जेवलीस का गं?"

अव्वांनी झाकण उघडलं. पहिला घास मला दिला.

बायांनो, तुमच्याही घरचं माणूस कुणा हौशी मालकाबरोबर जात असेल, तर उपास जरूर धरा. फक्त एवढं करा, मालकाच्या आईलाही धरायला सांगा.