अर्धी दाढी

आजारातून उठून दादा आपल्या केस कापायच्या दुकानात गेला, तेव्हा त्याच्या खुर्चीमागे धाकटा भाऊ उभा होता. कात्री चालवता चालवता तो गिऱ्हाइकाला सांगत होता, "दादाचा हात थरथरतो हो आता. गळ्यावर त्याचा वस्तरा कोण ठेवून घेईल?"

या भावाला वस्तरा धरायला दादानेच शिकवलं होतं. दादाने आपला वस्तरा उचलला आणि दुकान भावावरच सोडून घरी आला.

"याला याच गल्लीत पाणी पाजतो," तो बायकोला म्हणाला.

"आधी चहाचा कप नीट धरा," बायको म्हणाली. कप खरंच बशीवर खडखडत होता.

दादाने फुगे आणले. नवशिक्यांना तो असंच शिकवायचा. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि फुगा न फोडता वस्तऱ्याने उतरवायचा. सुरुवातीला एकही फुगा वाचेना. फट्‌ आवाज झाला की बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "गेलं का गिऱ्हाईक?" दादा तोंडावरचा फेस पुसायचा आणि दात-ओठ खात पुढचा फुगवायचा. त्याला त्यात भावाचे गुबगुबीत गाल दिसायचे.

हळूहळू फुगे टिकू लागले. मग दादाने भावाच्या दुकानाच्या बरोब्बर समोरची खोली भाड्याने घेतली, तीही पाच वर्षांसाठी.

"या वयात पाच वर्षं?" मालक चाचरला.

"पुढची नंतर बघू."

खोलीत त्याने दोन खुर्च्यांची जागा आखली.

"दुसरी कोणासाठी?" बायकोने विचारलं.

"त्याचा कारागीर फोडणार आहे."

दुकान उघडलं त्या सकाळी गल्ली जमली. भाऊही आला, दाढीचे खुंट खाजवत. "दादा, मलमपट्टीची सोय केलीयस ना?"

"तूच बघ. पहिलं गिऱ्हाईक घरचं असू दे. बस."

भाऊ हसला, पण पाय उचलेना.

"घाबरलात होय, भावजी?" दादाची बायको म्हणाली. लोक खदाखदा हसले. आता बसणं भाग होतं.

वस्तरा गळ्याला टेकला तसे भावाने खुर्चीचे हात घट्ट धरले. दादाने वस्तरा तिथेच ठेवला. इतके महिने ज्या घटकेची वाट पाहिली, ती त्याला घाईने उरकायची नव्हती.

"बोल आता. कोणाचा हात थरथरतो?"

भावाला मान हलवायचीही सोय नव्हती. मग कानापासून हनुवटीपर्यंत एक बाजू लोण्यासारखी उतरली. दादाने वस्तरा पुसून मिटला.

"अरे, दुसरी बाजू?"

"ती तुझ्या दुकानात कर. तुझा हात चांगला आहे ना?"

भाऊ रुमालाने तोंड झाकत रस्ता ओलांडून गेला. त्याच्याकडे ताटकळत बसलेलं गिऱ्हाईक उठलं. त्याने तो गुळगुळीत गाल जवळून न्याहाळला. साधा ओरखडाही नव्हता. ते तडक दादाकडे आलं.

दादाने कापड झटकलं. "बसा," तो म्हणाला, आणि बायकोकडे वळला. "त्या दुसऱ्या खुर्चीचं आजच बघ. आता त्याचा कारागीरही येईल."