युसूफभाईंनी आपल्याच उमेदवाराविरुद्धची तक्रार घेतली

जेद्दाला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, हाती आला नव्हता. शराफिया भागातल्या एका दुकानात मी मोडक्या हिंदीत कोकम मागितलं, तर गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "मराठीत बोला की! कुठले तुम्ही?" ते श्रीवर्धनचे युसूफभाई, इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी मला मंडळात ओढलं, सूत्रसंचालन शिकवलं आणि पुढे आपल्या पॅनेलतर्फे चिटणीसपदाला उभंही केलं. त्यांच्या साठीनिमित्त बाकीचे त्यांच्या दिलदारपणावर लिहितीलच. मला उभं करणाऱ्या युसूफभाईंनी मलाच खाली कसं बसवलं, ते मी लिहितो.

प्रचाराच्या भरात मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, की विरोधी पॅनेलवाले ज्यूंसारखे पडद्याआडून सूत्रं हलवतात. हशा पिकला. मी काम करतो त्या इस्पितळातल्या परिचारिका रिबेकाताई अलिबागकडच्या मराठी ज्यू कुटुंबातल्या. त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. युसूफभाईंना त्यांनी एवढंच कळवलं, "माझ्या मुलीला यंदा मंडळाच्या नाटकात घेऊ नका. आम्ही मंडळ सोडतोय."

आमची रीत अशी, की तक्रार आली की दोघांना चहाला बोलवायचं, हात मिळवायला लावायचे आणि 'खलास' म्हणून मोकळं व्हायचं. मी तयारच होतो. पॅनेलमधले म्हणाले, "निवडणूक होऊ द्या, मग बघू." युसूफभाई भडकले. "चहा पाजून तिला अपमान गिळायला लावायचा? ती गेली तर मंडळ कसलं हे, आपला अड्डा नुसता!" तक्रार त्यांनी चौकशीसाठी तिघांकडे सोपवली, त्यातले दोघे विरोधी पॅनेलचे. माझ्या मजकुराखाली हसरे चेहरे टाकणाऱ्यांची यादीही जोडली. त्यात पहिलं नाव त्यांचं स्वतःचं होतं.

मला त्यांचा भयंकर राग आला. पण चौकशीत रिबेकाताई म्हणाल्या, "मुलीला मराठी वाचता यावं म्हणून मी तिला ग्रुपवरचे निरोप मोठ्याने वाचायला लावते. त्या दिवशी तिने तुमचा वाचला." मी त्याच ग्रुपवर, सगळ्यांसमोर माफी मागितली. माझी उमेदवारी गेली, आमच्या पॅनेलची ती जागाही गेली. रिबेकाताई मात्र राहिल्या. त्यांच्या लेकीने नाटकात अशी धमाल उडवली, की सर्वांत जोरात टाळ्या युसूफभाईंच्याच होत्या.

पूर्वी दुखावलेली माणसं गुपचूप यायची बंद व्हायची. आता जातीधर्मावरून कुणी टोमणा मारला, की लेखी तक्रार येते, तिला लेखी उत्तर जातं आणि तक्रार करणाऱ्याला कुणी फितूर म्हणत नाही. हा युसूफभाईंचा विजय आहे, आणि मी तो छाती फुगवून सांगतो. यंदा रिबेकाताई चिटणीस म्हणून बिनविरोध निवडून आल्या. त्यांचं नाव मी सुचवलं, अनुमोदन दोन्ही पॅनेलांनी दिलं.

युसूफभाई, गुडघे सांभाळा, साखर आवरा आणि शंभरी ठणठणीत गाठा. आमच्यातला कुणी पुन्हा घसरला, तर त्याची तक्रार घ्यायला तुम्ही आम्हांला हवे आहात. तो मी असलो, तरी घ्या.