कात्रीबाईंची कॉपी

कात्रीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान. हातात कात्री आणि जीभही तशीच चालणारी, म्हणून गिऱ्हाइकांनी ठेवलेलं हे नाव. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. "तोंडावर म्हणा की! पाठीमागे काय कुजबुजता?" असं त्यांनी एका वकिलाला कोटाचं माप घेता घेता सुनावलं होतं. दुकानातली दुसरी खुर्ची त्यांच्या यजमानांची. काज-बटण, हूक, इस्त्री हे त्यांचं खातं. बोलायचं खातं मात्र सगळं बाईंकडे.

तर अशा या बाईंच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. आधी मुंग्या, मग बधिरपणा. "वय झालं, दुसरं काय!" म्हणत त्यांनी दुखणं अंगावर काढलं. शेवटी सुई हातातून निसटायला लागली, तेव्हा यजमानांनी भर दुपारी दुकानाला कुलूप घातलं आणि त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथे मणक्यांच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी एमआरआय काढायला लावला. फोटो बघून म्हणाल्या, "मानेतले मणके झिजलेत. मज्जारज्जूवर दाब आलाय. ऑपरेशन लगेच करायचं की थोडं थांबायचं, ते तुमच्या हातांची तपासणी करून ठरवू."

बाईंनी त्यातलं फक्त 'ऑपरेशन' ऐकलं. मणक्याचं ऑपरेशन म्हणजे जन्माचं अंथरूण, असं शेजारच्या घड्याळवाल्याने त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, कुणा लांबच्या मेहुण्याचा दाखला देऊन. आता घड्याळवाल्याला माणसाच्या मणक्यातलं काय कळतं, असं कोणी विचारलं नाही. भीती शिरायला फट लागते कितीशी? हात गेले तर आपल्यापाशी उरलं काय, नुसती जीभ, या विचाराने बाईंनी ऑपरेशन टाळायचंच ठरवलं.

डॉक्टरांनी एक शर्ट पुढे ठेवला. "याची बटणं लावा आणि काढा. भरभर."

बटणं! अहो, शिंपिणीला बटणं लावायला सांगायचं म्हणजे माशाला पोहून दाखव म्हणण्यासारखं. बोटांना काही कळो ना कळो, हातांना वळण होतं आणि डोळे शाबूत होते. बाईंनी सटासट बटणं लावली, सटासट काढली. मग डोळे मिटायचे आणि कापूस कुठल्या बोटाला लागला ते सांगायचं. बाईंनी डोळे मिटले खरे, पण किलकिले. "करंगळी. अंगठा. मधलं." एकही उत्तर चुकलं नाही.

"फोटोवरून मला इतकं चांगलं वाटलं नव्हतं," डॉक्टर जरा बुचकळ्यात पडून म्हणाल्या. "मग घाई नको. तीन महिन्यांनी परत या."

बाहेर बाकावर यजमान बसले होते. बाईंनी त्यांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. "मारली की नाही बाजी?"

यजमान हसले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात ते दोरे आणायला गेले असताना एक गिऱ्हाईक कोटासाठी ताटकळत होतं, म्हणून इस्त्री बाईंनीच हातात घेतली. करपल्याचा वास आला. "मेला कोट जळला वाटतं!" म्हणत त्यांनी कोट उलटापालटा करून पाहिला. कोट ठणठणीत होता. तेवढ्यात यजमान दारात आले आणि ओरडले. हो, ते! ज्यांचा आवाज शेजारच्या दुकानालाही माहीत नव्हता, ते. "अगं, बोट! बोट भाजलंय तुझं!"

डाव्या हाताचं बोट इस्त्रीला टेकलेलं होतं. बाईंनी ते उचलून बघितलं, जणू दुसऱ्याच कुणाचं होतं.

गिऱ्हाईक गेल्यावर त्या मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. "मला कळलंच नाही हो. काहीच कळलं नाही. आणि ऑपरेशनात हात कायमचे गेले तर?"

यजमान मलम लावत होते. "आत्ता तरी कुठे आहेत?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कात्रीबाई आपण होऊन डॉक्टरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, मी परीक्षेत कॉपी केली."

यावेळी डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. बाई सपशेल नापास झाल्या. डॉक्टर भडकल्याच. "अहो, ही पास व्हायची परीक्षा असते का? तुमच्या या हुशारीनं तीन महिन्यांत पायसुद्धा गेले असते!" मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी नीट समजावलं. ऑपरेशन केलं तर दुखणं पुढे वाढायचं थांबेल. गेलेलं किती परत येईल ते आज सांगता येत नाही, पण येतं, पुष्कळांचं येतं. जन्माचं अंथरूण वगैरे काही नाही.

"मग करा," बाई म्हणाल्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. मानेला पट्टा लागला. दुसऱ्या दिवशी नर्सने त्यांना धरून चार पावलं चालवलंसुद्धा. बोटं मात्र तशीच, लाकडाची. रोज सकाळी डॉक्टर रुमाल बांधून कापूस फिरवायच्या आणि रोज बाई खरं सांगायच्या, "नाही कळत." एकदा कॉपी करून पास झालेल्या बाईला हे किती जड गेलं असेल! रुमाल सुटला की त्या भिंतीकडे तोंड करायच्या.

घरी सोडायच्या आदल्या दुपारी यजमान खाटेशेजारी स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत होते. बाईंचा हात त्यांच्या हातात होता. बाईही डोळे मिटून पडल्या होत्या. झोपेत यजमानांची मान कलंडली, त्यांनी दचकून बाईंचा हात घट्ट धरला.

"अहो!" बाई डोळे न उघडताच खेकसल्या. "केवढी ती नखं वाढवलीत! टोचतायत ना मला!"

यजमानांची झोप उडाली. "सॉरी, सॉरी," म्हणत ते हात सोडवायला लागले, आणि एकदम थांबले.

"काय म्हणालीस?"

बाईंनी डोळे उघडले. दोघंही त्या हातांकडे बघत राहिले.

"सोडू नका," बाई म्हणाल्या. "टोचा अजून."