एका नावाच्या सहा तऱ्हा
बँकेत आज माझं आडनाव आधी पुकारलं आणि ऐंशीच्या दशकातली जयपूरची शाळा आठवली. जुन्या शहराच्या चारदीवारीतल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या, त्या वर्गात शेजारून बांगड्यांसाठी लाख तापवल्याचा वास यायचा, आणि माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव ही आपली मराठी पद्धत न कळून हजेरीला शिक्षक मला बाबांच्याच नावाने हाक मारायचे. क्रमचय, म्हणजे वस्तू किती क्रमांनी मांडता येतात ते, शिकवताना गणिताच्या मॅडमनी तेच तीन शब्द फळ्यावर सहा प्रकारे मांडले आणि हसून म्हणाल्या, “मतलब, सही कौन-सा है?” मलाही तेच कोडं पडलं. घरी सहाही तऱ्हा फरशीवर खडूने लिहून मी विचारलं, “बाबा, यातली खरी मी कुठली?” बाबांनी वाकून सगळ्या वाचल्या. “कुठलीही घे. मी सगळ्यांत आहेच!” लग्नानंतरही माझ्या नावात शब्द तीनच आहेत, तऱ्हाही सहाच होतात, बाबा मात्र एकीतही नाहीत.